मेटल डिटेक्टरने जुन्या वस्तू शोधायच्या आणि ओळखायच्या कशा: नवख्यांसाठी

मशीन घेतलं तेव्हा मला वाटलेलं की झालं, आता आवाज येईल, खणायचं, वस्तू मिळेल. पहिलं वर्षभर मी तेच केलं. मशीनच्या पडद्यावर चांगला आकडा दिसला की खणा, लोखंडाची घरघर ऐकू आली की पुढे चला, आणि जे मिळेल ते घरी आणून एका काचेच्या बरणीत टाका. वर्षाच्या शेवटी ती बरणी पेपरवर ओतली तेव्हा साठेक वस्तू निघाल्या आणि त्यातली कुठली कुठे सापडली, किती खोल होती, शेजारी काय होतं, काही म्हणजे काही सांगता येईना. चार बटणं, काही शिशाच्या गोळ्या, एक बक्कल आणि बाकी सगळं "असेल काहीतरी जुनं". शोधणं एकवेळ महिन्याभरात जमतं हो, पण ओळखायला ती नोंद लागते, आणि ज्या खिळ्यांना आपण कचरा म्हणून भिरकावतो ते खिळेही लागतात. हे मला कुणी आधी सांगितलं नाही म्हणून तुम्हाला सांगतेय.

१. परवानगी आधी, मशीन नंतर

कंटाळवाणा भाग आहे पण इथे चुकलात तर मशीन जप्त, दंड, काही ठिकाणी थेट तुरुंग. जमीन कुणाच्यातरी मालकीची असतेच, पडीक दिसली म्हणून बेवारस नसते. मालकाकडून परवानगी घ्या आणि ती लेखी घ्या, त्यात दोन ओळी हव्यातच: कुठल्या तुकड्यात शोधायचं, आणि सापडलेल्या वस्तूचं काय करायचं. तोंडी "जा हो, बघा" म्हणणारा माणूस एखादी चांगली वस्तू निघाल्यावर वेगळंच बोलायला लागतो.

कायदा देशागणिक बदलतो, त्यामुळे दुसऱ्या देशातल्या कुणाचे व्हिडिओ बघून तसं करायला जाऊ नका. इंग्लंडमध्ये १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे खजिन्याच्या व्याख्येत बसणारी वस्तू सापडली की १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे तिथल्या चौकशी अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. आयर्लंडमध्ये पुरातन वस्तू शोधण्यासाठी परवान्याशिवाय डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनीवरून १०० वर्षांपेक्षा जुन्या पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय काढता येत नाहीत, तो कायदा १९७९ चा. भारतात १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट आहे, त्यात जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची चीज सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, आणि दहा रुपयांत हल्ली काय बसतं हे तुम्हीच बघा. संरक्षित स्मारक, किल्ला, उत्खननाची जागा, लढाईचं नोंद असलेलं मैदान, कबरस्तान, ही ठिकाणं जगात कुठेही असा, लांबूनच नमस्कार.

२. सोबत काय न्यायचं

कागद:
- मालकाच्या परवानगीची प्रत आणि स्वतःचं ओळखपत्र
- त्या जागेचा नकाशा (जुना आणि आताचा, दोन्ही)
- वही आणि पेन्सिल, पेन नको, ओल्या हाताने शाई फिसकटते

अवजारं:
- डिटेक्टर, भरलेली बॅटरी, हेडफोन
- पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा, हातात धरायचा छोटा दांडा. मशीन स्वस्तातलं घ्या एकवेळ पण हा घ्याच, खड्ड्यातला अर्धा वेळ वाचतो
- धारदार खुरपं किंवा अरुंद पात्याचं छोटं फावडं
- माती ठेवायला जुना टॉवेल किंवा गोणपाट
- छोट्या झिपच्या पिशव्या, न पुसला जाणारा मार्कर, कापूस, एक पत्र्याची डबी
- हातमोजे (काचा, गंजलेली तार आणि शिसं, तिन्हीसाठी)

घरी लागणारं: दहापट भिंग, व्हर्नियर कॅलिपर, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, लोहचुंबक. ओळखण्याचं निम्मं काम या चार गोष्टींवर होतं, खरंच.

३. जागा निवडणं

रिकाम्या माळावर दिवसभर फिरलात तर काय मिळणार. माणसं जिथे थांबायची तिथे वस्तू पडतात. जुन्या पायवाटांचे फाटे, नदीचा उतार, विहिरीचा परिसर, बाजार भरायची जागा, मोठ्या झाडाची सावली, सैन्याचे तळ. जुना नकाशा आताच्या नकाशावर ठेवून बघा, जी वाट आज नाहीये ती शोधा. नांगरलेलं शेत असेल तर पाऊस पडून गेल्यावर चार-आठ दिवसांनी जा, माती बसलेली असते आणि ओल्या मातीत सिग्नलही बरा येतो. जमिनीवर खापराचे तुकडे, विटांचा चुरा, काळपट माती दिसली की तिथे वस्ती होती असं धरा आणि हळू व्हा.

४. मशीन समजून घ्या, थोडंसंच

आपल्यापैकी बहुतेकांकडे असतं ते व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी) प्रकारचं. कॉइलमधून, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या चकतीतून, काही हजार हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत त्याने बारीक प्रवाह फिरतात, त्या प्रवाहांचं उलट क्षेत्र दुसरी कॉइल पकडते, आणि ते किती उशिराने आलं त्यावरून मशीन धातूचा अंदाज बांधून आकडा दाखवतं. अंदाज हा शब्द नीट वाचा. आकडा कमी असेल तर बहुधा लोखंड, त्याच्या वर चांदीकागद आणि बारीकसारीक सोनं, मध्ये शिसं, पितळ, डब्याची टोपणं, आणि वरच्या टोकाला तांबं, चांदी. म्हणजे अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची कडी एकाच आकड्यावर येऊ शकतात, त्याला कुठलंच मशीन काही करू शकत नाही.

दुसरा प्रकार पल्स इंडक्शन, तो खाऱ्या ओल्या वाळूत आणि खनिजं जास्त असलेल्या जमिनीत खोल जातो पण लोखंड वेगळं ओळखण्यात कच्चा, सुरुवातीला नको.

तीन सेटिंग शिका, बाकी नंतर. ग्राउंड बॅलन्स: प्रत्येक नव्या जागी करा, जमिनीतली खनिजं मशीनला "हे दुर्लक्ष कर" म्हणून शिकवणं आहे ते. सेन्सिटिव्हिटी: पूर्ण वर नेऊ नका, मशीन बडबडायला लागलं की दोन पायऱ्या खाली. डिस्क्रिमिनेशन: यात सगळे फसतात. नवखा माणूस लोखंड पूर्ण बंद करून टाकतो, कारण घरघर नको असते. पण जुन्या वस्तीत लोखंड आणि चांगली वस्तू एकमेकाला चिकटून पडलेल्या असतात, खिळ्याने बटण झाकलं जातं. लोखंडाचा आवाज चालू ठेवा, फक्त वेगळ्या खालच्या टोनवर ठेवा. घरघर दाट झाली म्हणजे तिथे घर होतं, शेड होती, काहीतरी होतं. ती घरघर म्हणजेच तुमचा नकाशा आहे.

खिशातला मोबाईल आणि बुटातली लोखंडी टोपी लांब ठेवा. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल असंच यंत्र घेऊन गेले होते आणि गोळी काही सापडली नाही, गादीच्या स्प्रिंगा आणि चुकीच्या बाजूला शोधायला लावणारे डॉक्टर ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणं. तेव्हा तुमच्या बुटाने तुम्हाला फसवलं तर वाईट वाटून घेऊ नका.

५. फिरवणं आणि ऐकणं

कॉइल जमिनीला समांतर, दोन-तीन सेंटीमीटर वर. टोकाला हात उचलला जातो तो उचलू नका, झाडू मारल्यासारखं नाही करायचं. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवा. हळू चला, इतकं हळू की बघणाऱ्याला वाटावं यांचं काही हरवलंय.

सिग्नल आला की त्यावर आडवं फिरवा, मग ९० अंश वळून पुन्हा फिरवा. दोन्ही बाजूंनी एकच आकडा, गोल स्वच्छ आवाज, तर खणायचंच. एका बाजूने गोड आणि दुसऱ्या बाजूने तुटक, तर बहुधा वाकडा खिळा. आणि एक सापळा सांगते, मोठं चपटं किंवा गोल कडीसारखं लोखंड, म्हणजे वॉशर, नाल, कुऱ्हाडीचं पातं, हे चांदीसारखा वरचा आकडा दाखवतं. माझ्या पहिल्या "चांदी"साठी मी पाऊण फूट खणलं, हात आत घातला, गोल कड लागली, छातीत धडधड, आणि बाहेर निघाली बैलगाडीच्या आसाची गंजलेली कडी. ती कडी अजून माझ्या टेबलावर आहे, त्यावर कप ठेवते.

साध्या मशीनला नाण्याएवढी वस्तू साधारण १५ ते २५ सेंटीमीटरपर्यंत कळते. "दोन मीटर खोल जातं" वगैरे जाहिराती मोठ्या पत्र्यापुरत्या, नाण्यासाठी विसरा.

६. खणणं

आधी जागा नेमकी करा. आडव्या आणि उभ्या रेषा जिथे छेदतात तिथे वस्तू. गवत असेल तर तीन बाजूंनी कापा, चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवा आणि गवताचं झाकण उलटं करा. मुळं सलग राहिली की गवत मरत नाही. माती टॉवेलवर. वस्तूपासून लांब, कडेने खणा, वस्तूच्या अंगावर खुरपं घालू नका, खुरप्याची ती चमकदार नवी ओरखड काही केल्या जात नाही. माझ्या एका बटणावर आहे, बरोबर मधोमध.

वस्तू निघाली की पुन्हा खड्ड्यात पिनपॉइंटर घाला. नाणी एकटी पडतात तशी जोडीनेही पडतात. मग माती परत, झाकण परत, पायाने दाबा. कचरा खिशात घाला, पुन्हा खड्ड्यात टाकू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हीच तो पुन्हा खणणार आहात.

आणि तिथेच उभ्या उभ्या, वस्तू पिशवीत जायच्या आधी: फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश, खोली सेंटीमीटरमध्ये, मातीचा रंग, सोबत काय होतं, एक फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून. पिशवीवर नंबर, वहीत तोच नंबर. दोन मिनिटांचं काम आहे पण दमल्यावर टाळावंसं वाटतं, मला अजूनही वाटतं.

७. कधी हात थांबवायचा

तीन प्रसंगी.

शेपटीला पंख असलेलं किंवा काडतुसापेक्षा मोठं, जड, गंजलेलं लंबगोल काही दिसलं की हात काढा, जागेवर खूण करा, लांब जा, पोलिसांना फोन. जुना दारूगोळा शंभर वर्षांनीही फुटतो. फोटोसाठी हलवू नका.

हाडं दिसली की थांबा, पोलिसांना कळवा.

आणि एकाच खड्ड्यात एकामागून एक वस्तू निघायला लागल्या, मडक्याची कड दिसली, तर सगळं उपसू नका. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात हॉक्सन गावी १९९२ साली एरिक लॉज नावाचे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते आणि त्यांना रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी लागली. त्यांनी थोडं काढलं आणि खणणं थांबवून कळवलं, दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी बाकीचं नीट उकरलं. जवळपास पंधरा हजार नाणी होती. थांबल्यामुळे वस्तू लाकडी पेटीत कुठे कशा रचल्या होत्या तेसुद्धा समजलं. हातोडाही सापडला, तो पण ब्रिटिश म्युझियमकडे गेला.

८. साफसफाई, म्हणजे मुख्यतः न करणं

माझं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं. एक चपटं पितळी बटण, अंगठ्याच्या नखाएवढं. मातीखाली पिवळी चमक दिसली, मी तिथेच अंगठ्याने घासलं, थुंकी लावून, आणि बघता बघता चमक अंगठ्यावर आली आणि बटण तपकिरी झालं. तो सोन्याचा मुलामा होता, दोनेकशे वर्षं मातीत टिकला आणि माझ्या हातात दहा सेकंद टिकला नाही.

तर: शेतात घासू नका. घरी डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, लाकडी टूथपिकने माती सोडवा, वाळू द्या. तारेचा ब्रश, व्हिनेगर, लिंबू, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, यातलं काही नाही. तांब्यावरचा गुळगुळीत हिरवा थर म्हणजे घाण नव्हे, नक्षी बहुतेक वेळा त्याच थरात शिल्लक असते, तो काढलात की कोरी चकती हातात. फिकट हिरवी भुकटी मात्र वेगळी, ती बोटाला लागते आणि पुन्हा पुन्हा येते. ते क्षारांमुळे चालू असलेलं गंजणं आहे, अशी वस्तू वेगळ्या डबीत सिलिका जेलसोबत कोरडी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. समुद्रातून किंवा चिखलातून निघालेलं लोखंड मात्र कोरडं करू नका, पाण्यातच ठेवा, सुकलं की पापुद्रे सुटून तुकडे पडतात.

९. ओळखणं

इथे घाई करू नका, क्रम पाळा.

आधी चुंबक लावा. चिकटलं तर लोखंड किंवा पोलाद. नाही चिकटलं तर रंग बघा: हिरवट म्हणजे तांबं, पितळ, कांसं. पांढरट राखाडी साय आणि हाताला न शोभणारं वजन म्हणजे शिसं (नंतर हात धुवा). काळपट म्हणजे चांदी असू शकते. पिवळं तसंच्या तसं निघालं तर सोनं, ते जसं गेलं तसंच बाहेर येतं. हलकं, पांढरट, भुसभुशीत असेल तर अ‍ॅल्युमिनियम, आणि ते १८८६ मध्ये स्वस्तात काढायची विजेची पद्धत निघाल्यानंतरच सामान्य वापरात आलं, म्हणजे त्याच्याबद्दल फार स्वप्नं नकोत.

मग वजन आणि माप. गोळीचं उदाहरण घ्या. १७.५ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी साधारण ३२ ग्रॅम भरते, तेवढीच लोखंडी असेल तर २२ च्या आसपास. म्हणजे गंजलेला बेअरिंगचा छर्रा आणि बंदुकीची गोळी काट्यावर लगेच वेगळे होतात. मग भिंगाखाली बघा, साच्याचे दोन अर्धे जुळल्याची शिवण दिसते का, ओतताना राहिलेला दांडा कापल्याचा सपाट ठिपका दिसतो का. आरपार भोक असेल तर ते बहुधा मासेमारीच्या जाळ्याचं वजन. गोळी एका बाजूने चेपलेली असेल तर झाडली गेलेली, गोल गरगरीत असेल तर बहुतेक कुणाच्या पिशवीतून पडलेली. निमुळती, बुडाशी पोकळ आणि अंगावर खाचा असलेली असेल तर ती मिन्ये या फ्रेंच अधिकाऱ्याच्या पद्धतीची, १८४९ च्या आसपासची किंवा त्यानंतरची. बुडाच्या मधोमध ठिणगीची टोपी असलेली पितळी काडतुसं १८६० च्या दशकापासून पसरली, त्यांच्या बुडावरची अक्षरं उतरवून घ्या, कारखाना आणि बरेचदा सालही त्यात असतं. मात्र गोळी अजून काडतुसातच असेल तर हाताळू नका.

बटणं माझी लाडकी. दर्शनी बाजूपेक्षा पाठ जास्त बोलते. कडी कशी जोडलीय, पाठीवर अक्षरं आहेत का. "ट्रेबल गिल्ट" (तिहेरी मुलामा) अशी रोमन अक्षरं गोलात असतील तर बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. ब्रिटिश पायदळाच्या बटणांवर १७६० च्या दशकाच्या शेवटापासून रेजिमेंटचे नंबर येतात, त्यामुळे नुसता एक आकडा वाचता आला तरी पलटण सापडते. कोरं वाटणारं बटण दिव्याखाली तिरपं धरा, बाजूने पडणाऱ्या उजेडात नुसत्या डोळ्यांना न दिसलेला आकडा उभा राहतो. नाण्यालाही हीच युक्ती. नाण्याचं वजन, व्यास, जाडी आणि दोन्ही बाजूंची चित्रं एकमेकाला सुलटी की उलटी, हे चारही लिहा, मगच कॅटलॉग उघडा. उलटं केलं की, म्हणजे आधी चित्र बघून मग माप जुळवायला गेलं की, डोळ्याला हवं तेच दिसतं.

आता खिळे. लोहाराने ठोकलेला खिळा चौकोनी, चारही बाजूंनी निमुळता, डोक्यावर हातोड्याचे पैलू. पत्र्यातून यंत्राने कापलेला दोनच बाजूंनी निमुळता, ते साधारण १७९० नंतर. गोल तारेचा, सगळीकडे सारख्या जाडीचा, तो १८९० च्या पुढे सर्रास. जागेप्रमाणे मागेपुढे होतं, ठोकीव खिळे खेड्यांत बराच काळ टिकले, पण एका पट्ट्यात पन्नास खिळे निघाले आणि पन्नासही चौकोनी ठोकीव असले तर त्या पट्ट्यातल्या बिननावाच्या बकलेबद्दल तुम्हाला बरंच कळलं.

आणि उलटंही. खड्ड्यातली सगळ्यात नवी वस्तू बघा, खड्डा तिच्यापेक्षा जुना असू शकत नाही. फुलीसारख्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा. शीतपेयाच्या डब्याची ओढून तोडायची कडी १९६० च्या दशकातली किंवा पुढची. जुन्या नाण्याच्या खालून अशी कडी निघाली तर ती माती नंतर कुणीतरी उलटीपालटी केलेली आहे, मग खोलीवरून वय काढत बसू नका. तसंही खोली म्हणजे वय नव्हे, नांगर आणि गांडुळं सगळं वरखाली करतात.

१०. न ओळखलेलं

दहातल्या चार वस्तू ओळखू येत नाहीत, माझ्या तरी. त्या फेकू नका आणि उगाच नावही चिकटवू नका, "तलवारीची मूठ" म्हणून ठेवलेली माझी एक वस्तू दाराचा अडसर निघाली. जवळच्या संग्रहालयाला किंवा जाणकाराला विचारताना पुढचा, मागचा, बाजूचा फोटो मोजपट्टीसह पाठवा, वजन आणि धातू लिहा, सोबत काय निघालं ते लिहा. एकच धूसर फोटो टाकून "हे काय आहे?" विचारलं की उत्तर येत नाही, आलं तर चुकीचं येतं. ठेवताना एका पिशवीत एकच वस्तू, पिशवीला दोन भोकं, लोखंड वेगळ्या डब्यात. माझ्याकडे ४१ नंबरची एक पितळी कमान तीन वर्षं पडून होती, नुसती वाकडी पट्टी वाटायची. परवा वही चाळताना दिसलं की ३८ आणि ४४ नंबरच्या वस्तू तिथूनच चार पावलांवर निघालेल्या, तिन्ही टेबलावर एकत्र ठेवल्या तर टोकं जुळली. कंदिलाची मूठ होती.